पडद्यावरचं धुकं

किसनरावांच्या पत्राला नीळकंठरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. दोन दिवाळ्या होऊन गेल्या, पत्र टेबलावर पेपरवेटखाली तसंच होतं. आता तर ते पाठ झालं होतं.

'नीळकंठ, माह्या कंप्युटरवर धुकं पसरलं रे बाप्पा. नात निकिता म्हणते, आबा, ग्राफिक्स कार्ड बदला. पोरगा म्हणते, बाबा, डोळे बदला. तू जन्मभर पुस्तकं वाचली, तूच सांग काय बदलू. तू म्हणशील तेच करीन.'

दोघं शाळेत एका बाकावर बसायचे. पुढे किसनरावांनी बोरी अरब गावी शेती पाहिली, नीळकंठरावांनी यवतमाळला कचेरी. म्हातारपणी दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, अगदी जोडीचे संगणक घेतले. पत्रं मात्र हातानंच लिहायचे.

उत्तर राहिलं ते नीळकंठरावांच्या स्वभावामुळे. त्यांनी या विषयावर पुष्कळ वाचलं. निम्मे लिहिणारे म्हणत, कार्डानं संगणक पालटतो. निम्मे म्हणत, रोजच्या कामाला काडीचा फरक पडत नाही. यातलं खरं काय, हे सांगणारे आपण कोण?

आणि दुसरं एक कारण होतं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. धुकं त्यांच्याही पडद्यावर होतं.

ते हळूहळू आलं होतं. पुस्तकांतला बारीक टाइप वाचवेना तेव्हा त्यांनी संगणकाचा आधार घेतला होता. जुन्या पुस्तकांच्या पानांचे फोटो तिथे मोठे करून वाचता यायचे. आता तिथलंही पान दुधाळ दिसू लागलं, अनुस्वार अक्षरांत बुडाले. त्यांच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते. शेवटची वर्षं नीळकंठरावांनीच त्यांना हात धरून अंगणात नेलं होतं.

शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं. कार्ड बदलून धुकं गेलं तर दोष यंत्राचा. नाही गेलं तर डोळ्यांचा.

पुतण्या साकेत बँकेत होता, पण घरादारातले संगणक तोच पाहायचा. तो येऊन खुर्चीवर बसला तशी खुर्चीवरची प्लास्टिकची पन्नी करकरली. सुनीतीबाईंच्या घरात नवी वस्तू नवीच राहायची. टीव्हीचा रिमोट पन्नीत, फ्रिजच्या दारावर कंपनीचा कागद जसाच्या तसा.

"काकू, लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, काकांवर पन्नी नाही घातली का?"

"घातली असती, तर असे सुरकुतले नसते," सुनीतीबाई म्हणाल्या.

नीळकंठराव हसले नाहीत. "साकेत, कार्ड आणलंस?"

"आणलं, पण काका, तुम्ही कायले खर्च करून राह्यले? वाचायला न टायपिंगला कार्डाचं काही काम नाही. गेम खेळनार आहे का तुम्ही?"

"तू बसव."

"अहो पण..."

"बसव म्हटलं ना." आवाज एवढा चढला की ते स्वतःच ओशाळले. चपला घालून ते वाचनालयात निघून गेले. तिथे वर्तमानपत्र उघडून बसले, पण एक ओळ वाचली नाही.

परतले तेव्हा साकेत गेला होता. त्यांनी बटण दाबलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोर पान होतं. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. प्रत्येक अनुस्वार आपल्या जागी, तिळासारखा. पानाच्या कडेला कुणी जुन्या वाचकानं पेन्सिलीनं 'वा!' लिहिलं होतं. हेच पान त्यांनी कितीदा वाचलं होतं, तो 'वा' कधी दिसला नव्हता. त्यांनी लेकीचा, भैरवीचा फोटो उघडला. तिच्या नाकात चमकी होती. आणि चमकीत इवलीशी खिडकी उमटली होती!

"अगं, ये इकडे," ते पुटपुटले. "हे बघ. देवानं नव्यानं केलंय सगळं."

सुनीतीबाई काहीतरी सांगायला आल्या होत्या. नवऱ्याचे भरलेले डोळे पाहून तशाच परत वळल्या.

मग आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. कुणी माणसानं वीतभर कार्डात एवढा उजेड कोंडला, या विचारानं ते थक्क होऊन बसत. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कशाची तरी खात्री वाटली. त्यांनी किसनरावांना चार पानी पत्र लिहिलं. 'डोळे शाबूत आहेत. कार्ड बदल. मी स्वतः पाहिलं आहे.'

पाकीट चिकटवायला डिंक हवा होता. त्यांनी सुनीतीबाईंचा खण उघडला. आत कार्डाचा खोका होता. सील न फोडलेला.

"सुनीती, हे काय?"

त्या दारात थबकल्या. "बसलंच नाही हो ते. आपल्या संगणकाच्या डब्यात तेवढी जागाच नाही म्हणाला साकेत. चहा घेतला न गेला. बदलून आणतो म्हणाला. तुम्ही एवढे हरखले होते, मले सांगवेना."

"मग त्यानं केलं काय?"

"काही नाही. डबा उघडला न बंद केला."

नीळकंठरावांनी खोका उचलला. खाली खणाच्या मापानं कापलेलं काहीतरी पिवळट, ओरखड्यांनी भरलेलं अंथरलं होतं.

"आणि हे?"

"पडद्यावरची पन्नी. दुकानातून आली तेव्हापासूनची. साकेतनं पडदा आडवा ठेवला तेव्हा कोपरा सुटला, म्हणून मी काढून घेतली. चांगली आहे अजून."

त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली. सुनीतीबाई, दार, अंगणातली तुळस, सगळं दुधाळ धुक्यात बुडालं.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीत एक फुगीर पाकीट पडलं. आत घडी घातलेली पन्नी होती, आणि चार पानांऐवजी एक चिठ्ठी: 'किसन, कार्ड बदलू नको, डोळेही बदलू नको. पडद्याच्या कोपऱ्याला नख लाव.'