पिशवी

नातीला तपासून डॉक्टर रेवा सोनटक्के पडद्याबाहेर आल्या, तशा वच्छलाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “खरं काय ते सांगा. माझी आई पिशवीच्या दुखण्यानं गेली, मावशीही त्यानंच गेली. आता हिच्या अंगावरून जातंय.”

“कसली पिशवी?” तरुण डॉक्टरांनी त्यांच्या मांडीवरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं.

“गर्भपिशवी हो. तिच्या तोंडाशी कॅन्सर व्हायचा.”

“तो होय. आजी, तो मी फक्त पुस्तकात पाहिलाय. त्याचा विषाणू शरीरसंबंधातून पसरायचा. पाचवीतल्या सगळ्या मुलामुलींना लस टोचायला लागल्यापासून तो विषाणू कुणाच्या अंगात उरलाच नाही. हिला साधी सूज आहे, गोळ्यांनी जाईल.”

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मरणाच्या दारातल्या आईला गल्लीनं काय काय नावं ठेवली होती, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नात साडी सावरत बाहेर आली. “आजी, कसल्या पिशवीचं बोलत होतीस गं?”

वच्छलाबाईंनी मांडीवरची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.

“हीच की. धर, जाता जाता भाजी घेऊ.”