क्रमांक चारशे एक्याण्णव

"अभिनंदन सर, तुमची फिगर आली," असं म्हणत शलाकाने दुकानाच्या काउंटरवर खोकं ठेवलं.

बेचाळीस वर्षांच्या निरंजन पाध्येचा विश्वास बसेना. वज्रसेना मालिकेतले हे वीतभर उंचीचे संग्राह्य योद्धे हाताने रंगवलेले, जगभरात पाचशेच. दोन महिन्यांपूर्वी त्याने आगाऊ नोंदणी केली, तेव्हा सहा वर्षं थांबावं लागेल असं दुकानाने कळवलं होतं.

"एवढ्या लवकर नंबर कसा लागला?"

शलाका घुटमळली. "यादी आता मनगटावरच्या तब्येत मोजणाऱ्या पट्ट्यावरून लागते, सर. वाट बघता बघता कुणी जाऊ नये म्हणून. ज्यांच्याकडे वेळ कमी, ते वर येतात."

"पण पट्ट्याने मला काहीच सांगितलं नाही!"

"माणसाला सांगायला कायद्याने बंदी आहे. दुकानांना फक्त क्रमांक कळतो."

निरंजन खोकं तिथेच ठेवून थेट हॉस्पिटलमध्ये गेला. तपासणीत त्याच्या स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ सापडली. "सहा महिन्यांनी आला असतात, तर आम्ही हात टेकले असते," डॉक्टर म्हणाले.

शस्त्रक्रियेला वर्ष झाल्यावर त्याने बायकोला, वैजयंतीला, शेजारी बसवून पुढच्या योद्ध्यासाठी नाव नोंदवलं. दोघंही श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिली.

'क्षमस्व. आपला क्रमांक चारशे एक्याण्णव. प्रतीक्षा अंदाजे नऊ वर्षे.'

वैजयंतीला रडू आवरेना. निरंजनने तो संदेश सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला.