जवारीतलं बरू

“उजे, जवारीवानी दिसतंय म्हणून सोडू नको. बरू हाय ते, उपट!” उमरीच्या रानात खुरपताना आई ओरडायची. तिच्या नजरेतून तणाची एक काडी सुटत नसे.

आता उज्वला लातुरात बातम्यांच्या वेबसाइटसाठी जाहिराती बनवते. बातमीचाच रंग, तीच अक्षरं, तसाच फोटो. लोकांनी बातमी समजून बोट दाबावं, एवढंच काम. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात तिनं अशीच बेमालूम मिसळून दिली, तेव्हा साहेब म्हणाले, “घरच्या माणसाला दाखव. ओळखू आली नाही, तर तुझी नोकरी पक्की.”

आई नेमकी लातूरला आलेली. उज्वलानं मोबाइल तिच्या हातात दिला. “आई, यातली जाहिरात कोणती, सांग बरं.”

आईचं बोट काचेवरून हळूहळू खाली सरकलं. एका जागी अडखळलं. मग पुढं गेलं.

“समद्या बातम्याच हायत की गं.”

नोकरी पक्की झाली. ऑफिसात पेढे वाटले. पण उज्वलाला चैन पडेना. सारखी आईच्या डोळ्यांकडं बघत राहिली. शेवटी नांदेडच्या गाडीत आईला बसवून दिल्यावर खालून बोललीच, “आई, डोळे दाखवू या का गं डॉक्टरला? तुझ्या नजरेतून बरू सुटलं.”

गाडी घरघरली. आईनं खिडकीतून तिचा हात घट्ट धरला.

“दिसलं व्हतं, पोरी. तुझ्या हातचं व्हतं, म्हणून उपटवलं न्हाई.”