कुत्र्याचा फॉर्म

म्हातारपणी माणसाला निरपेक्ष प्रेमाची गरज असते, यावर आम्हा तिन्ही भावंडांचं एकमत झालं. ते आपल्यापैकी नेमकं कुणी करायचं यावर मात्र काही केल्या होईना. म्हणून एकट्या राहणाऱ्या अण्णांना कुत्रा आणून द्यायचं ठरलं.

दादाला मोठा हवा होता, अण्णा पडलेच तर भुंकून शेजाऱ्यांना गोळा करणारा. ताईला छोटा आणि केस न गळणारा हवा होता. प्राण्यांच्या संस्थेत गेल्यावर अण्णांनी आमचं काही न ऐकता आठ वर्षांचा, एका कानाने बहिरा कुत्रा पसंत केला.

"हा माझ्या चालीने चालतो," एवढंच म्हणाले.

संस्थेतल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. "आजोबांना एकटं राहणं जमेनासं झालं तर याला कोण नेणार? ते नाव लिहिल्याशिवाय आम्ही कुत्रा देत नाही."

"मी नेईन की! आमच्याकडे एवढी गच्ची आहे," दादा म्हणाला.

"तुझ्या गच्चीत भाजून निघेल रे तो! माझ्याकडे एक अख्खी खोली रिकामी पडली आहे," ताई म्हणाली.

मुलांना सोबत होईल म्हणून मीही नाव पुढे केलं. भांडण नको म्हणून बाईंनी तिघांच्याही सह्या घेतल्या.

अण्णांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली.

"आणि मला कोण नेणार?"

बाई अवघडल्या. "आजोबा, आमच्या फॉर्ममध्ये तो रकाना नसतो."