तुकारामच्या हातचं

“म्याडम, मला साधी कणकण नाही,” तुकाराम म्हणाला. “ताप पोरांना आलाय. मी ठणठणीत आहे.”

अमिरातीतल्या अल ऐनच्या त्या दवाखान्यात मराठी बोलणारी एकटी मंजुषाच, प्रयोगशाळेतली. म्हणून तुकारामला त्याच्या तपासणीचा रिपोर्ट समजावायचं काम डॉक्टरांनी तिच्या गळ्यात घातलं होतं. तुकाराम कंपनीच्या मेसमध्ये चाळीस माणसांचं जेवण रांधायचा. त्यातले सहा टायफॉइडने आडवे झाले होते. दोष पाण्याच्या टाकीवर जावा म्हणून तुकाराम चार दिवस देव पाण्यात घालून बसला होता. मेस सुटली असती तर त्याला हाक मारणारंही कुणी उरलं नसतं. गावी पैसे जात, पण फोन दोन वर्षांत एकदाही गेला नव्हता. गेल्या सुट्टीत त्याची दहा वर्षांची वैभवी टायफॉइडनेच गेली. बायकोने, ममताने, तिला जत्रेत बर्फाचा गोळा घेऊन दिला होता. ‘तू मारलंस पोरीला,’ असं भावकीसमोर म्हणून तो विमानात बसला. ममताने तोंडातून ब्र काढला नाही.

“जंतू नाना जातींचे असतात,” मंजुषा सांगत होती. “कुणी गोल, कुणी काडीसारखे. काडीवाले तर आपल्या पोटात कोट्यवधी, आणि बहुतेक निरुपद्रवी. रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर टायफॉइडचा हा जंतूही त्यांच्यासारखाच गुलाबी दिसतो. पण हा रक्तात शिरतो. कधी माणूस बरा होतो आणि हा पित्ताशयात मुक्काम ठोकतो. त्या माणसाला काहीच होत नाही. त्याच्या हातचं खाणाऱ्याला होतं. तुम्हाला पूर्वी टायफॉइड झालेला?”

“पाच वर्षं झाली. शारजाच्या साइटवर. दहा दिवसांत खलास, बरा झालो.”

“तुम्ही बरे झालात. जंतू राहिला.”

तुकारामचा चेहरा उतरला. “म्हंजे नोकरी गेली?”

“महिनाभर गोळ्या घ्यायच्या. मग तपासण्या साफ आल्या की परत मेसमध्ये, इन्शाल्ला.”

त्याचा जीव भांड्यात पडला. मंजुषाने फॉर्म पुढे ओढला.

“या पाच वर्षांत गावी गेला होतात? तिथं तुमच्या हातचं कुणी खाल्लं?”

“सगळ्यांनी,” तो खुशीत म्हणाला. “सुट्टीत मी बायकोला गॅसजवळ फिरकू देत नाही, म्याडम. दोन महिने मीच रांधतो. पोरीला तर रोज मीच भरव…”

मंजुषाने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तो उठून बाहेर आला आणि भिंतीला टेकून त्याने गावचा नंबर लावला.

“ममता, पोर बर्फाच्या गोळ्यानं नाही गेली,” तो म्हणाला. “माझ्या हातच्या जेवणानं गेली. आत्ता तपासणीत निघालं.”

“हे आता भावकीसमोर येऊन सांगा,” ममता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.