सहा मिनिटांची ख्यालीखुशाली

“मावशी, सहा मिनिटं नुसतं चालायचंय! गप्पा कसल्या मारताय?” घड्याळ बंद करत चाचणी घेणारा रोखेलियो करवादला. उंच डोंगरावरच्या ला पाझ शहरातल्या इस्पितळातली ही दुसरी चाचणी वाया गेली होती. फोर्तुनाता मावशींच्या फुफ्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबाचा त्रास कितपत आहे, हे चालण्यावरून कळणार होतं. फार निघाला, तर बाजारातला गाळा सोडून विरळ हवेचा हा डोंगर कायमचा उतरावा लागणार. बाई मात्र प्रत्येक बाकापाशी थांबून ख्यालीखुशाली विचारत होत्या! “न विचारता पुढे जायला आपण काय गुरं आहोत, बाळा?” वैतागून त्याने अख्खा कॉरिडॉर रिकामा केला. “आता विचारा खुशाली! निघा!” मावशी निघाल्या आणि दहा पावलांवर थांबल्या. निळ्या ओठांनी धापा टाकत रिकाम्या बाकाला म्हणाल्या, “पोरं बरी ना गं?” त्या ओठांकडे पाहत रोखेलियो बाकावर जाऊन बसला. “बरी आहेत,” तो म्हणाला. घड्याळ मात्र या वेळी त्याने चालूच ठेवलं.