दुमडलेली नळी

मशीन किंचाळलं आणि शैलजा सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला. सतरा वर्षं आयसीयूत काढल्यावर, संध्याकाळी घरी असावं म्हणून तिने डायलिसिस विभाग मागून घेतला होता. आज पहिलाच दिवस.

पलंगावरच्या आजोबांचे डोळे मिटलेले होते. धावत जाऊन तिने पलंग सपाट केला, दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर रोवले.

आजोबांनी डोळे उघडले आणि हसले. “अहो सिस्टर, नळी दुमडलीय. सरळ करा, गप्प बसेल. चार वर्षं ऐकतोय.”

तिने नळी सरळ करताच आवाज थांबला. तरी ती नळी पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. “माफ करा आजोबा. आयसीयूत असं वाजलं की माणूस हातातून...” तिची नजर स्वतःच्या तळव्यांवर गेली.

आजोबांचं हसू मावळलं. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. मशीन शांत होतं, तरी ते सोडेनात.